उंची आधी ठरली: अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं प्रकरण

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. संभाजीराजे छत्रपती कार्यकर्त्यांना घेऊन गेटवे ऑफ इंडियाला आले आणि डोळ्यांना दुर्बीण लावून समुद्रात शिवस्मारक शोधू लागले. जलपूजन होऊन पावणेआठ वर्षं झाली होती आणि विधानसभेची निवडणूक दीड महिन्यावर आली होती, त्यामुळे यात नाट्य किती आणि शोध किती हे सांगायला नको. शिवाय गेटवेवरून स्मारकाची जागा तशीही दिसत नाही. ती कुलाब्याच्या पलीकडच्या अंगाला, बॅकबेमध्ये आहे. पण योग्य जागी उभं राहून पाहिलं असतं तरी पाणीच दिसलं असतं.

शहरात सरकारी पैशानं अतिभव्य पुतळा उभारावा की नाही, यावर आपल्याकडे भावनेच्या भरात पुष्कळ बोललं जातं. हे एक प्रकरण मात्र हिशेबाच्या वहीसारखं पानं उलटत वाचण्याजोगं आहे. महाराजांचं स्मारक मुंबईत असावं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ठरवण्याचा क्रम कुठे चुकला, एवढंच मला पाहायचं आहे.

काय ठरलं होतं

मुंबईच्या समुद्रात महाराजांचं स्मारक करण्याचं आश्वासन काँग्रेस-राष्ट्रवादीच्या २००४ च्या जाहीरनाम्यात होतं. पुढची दहा वर्षं सत्ता त्यांचीच होती. त्या काळात जो पुतळा चर्चेत होता त्याची उंची होती ३०९ फूट. हा आकडा कुठून आला, हे ओळखायला फार डोकं लागत नाही. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता चौथऱ्यासकट ३०५ फुटांची आहे.

२०१४ मध्ये सरकार बदललं आणि कामाला वेग आला. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत समुद्रात स्मारक बांधण्याची सोय नव्हती. २०१५ च्या फेब्रुवारीत तिच्यात दुरुस्ती झाली आणि त्याच महिन्यात पर्यावरण मंजुरीही मिळाली. जनसुनावणीची अट वगळली गेली. जागा ठरली ती राजभवनापासून सुमारे १.२ किलोमीटर आणि गिरगाव चौपाटीपासून ३.६ किलोमीटर अंतरावरचा खडक. त्याभोवती भराव घालून १५.९६ हेक्टरांचं बेट करायचं, त्यावर अश्वारूढ पुतळा, आत संग्रहालय, प्रेक्षागृह वगैरे, असा बेत. शिल्पकार राम सुतार. मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे आणि जन्म १९ फेब्रुवारीचा, म्हणजे ऐन शिवजयंतीचा. योगायोग म्हणून सोडून द्यावा, पण महाराष्ट्रात असे योगायोग कुणी सोडत नाही.

२४ डिसेंबर २०१६ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी गिरगाव चौपाटीवरून हॉवरक्राफ्टनं समुद्रात गेले. राज्यभरातल्या गडांची माती आणि नद्यांचं पाणी कलशांतून मुंबईत आणलं होतं. जलपूजन आणि भूमिपूजन झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी पोचवावं लागलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं म्हणता येईलही.

दोन बोटं

मुद्दा आहे उंचीचा, म्हणून तिथे जरा थांबतो.

३०९ फूट म्हणजे साधारण ९४ मीटर. नव्या सरकारच्या आराखड्यात ती १९२ मीटर झाली, कारण गुजरातेत केवडियाला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा उभा राहत होता. मग चीनच्या हेनान प्रांतातल्या बुद्धमूर्तीची आठवण झाली. ती चौथऱ्यासह २०८ मीटर आहे. आपली उंची २१० झाली. शेवटी चौथऱ्यासह २१२ वर येऊन ठरली. या सगळ्या प्रवासात प्रत्येक आकड्याचं उत्तर दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या किंवा राज्यातल्या पुतळ्यात सापडतं. मुंबईचा समुद्र, तिथला वारा, पाहणाऱ्याचा डोळा यांतल्या कशावरूनही एकही आकडा निघालेला दिसत नाही.

पुढचा भाग २०१८ च्या जुलैत बाहेर आला. घोडा आणि महाराज मिळून पुतळ्याची उंची ८३.२ मीटर होती, ती ७५.७ मीटर करण्यात आली. आणि तलवार? ती ३८ मीटर होती, ती ४५.५ मीटर झाली. बेरीज करून पाहा. आधीही १२१.२ आणि नंतरही १२१.२. महाराज साडेसात मीटरनं उतरले, तलवार साडेसात मीटरनं वाढली, आणि एकूण उंचीला धक्का लागलेला नाही असं सरकारला सांगता आलं. शिल्पकलेच्या दृष्टीनं हा फेरफार काय दर्जाचा आहे? हातातलं शस्त्र आणि धरणारा माणूस यांचं प्रमाण हीच तर अश्वारूढ पुतळ्यातली अवघड गोष्ट. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला नानासाहेब करमरकरांचा पुतळा पाहा. १९२८ मधला, साडेतेरा फुटांचा, ब्राँझमध्ये एकसंध ओतलेला. त्या घोड्याच्या मानेतला ताण आजही खालून पाहणाऱ्याला जाणवतो. त्या पुतळ्यात कुणी बेरीज कायम ठेवण्यासाठी तलवार ओढून लांब केली असती का?

मागे एकदा भाच्याला घेऊन गिरगाव चौपाटीवर गेलो होतो. त्यानं शिवजयंतीच्या बॅनरवर स्मारकाचं चित्र पाहिलेलं. मामा, पुतळा कुठंय, म्हणून विचारायला लागला. राजभवनाच्या टोकापासून जरा डावीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, इथे व्हायचाय. केवढा दिसेल, हा त्याचा पुढचा प्रश्न. मी वाळूत बसून हिशेब केला. ३.६ किलोमीटर अंतरावरची २१२ मीटर उंच वस्तू, हात पुढे ताणून त्या जागी दोन बोटं आडवी धरली की झाकली जाते. दोन बोटं म्हणजे फार लहान नाही, मान्य. क्षितिजावर ती छान दिसेल. पण मग चीनच्या मूर्तीवर मात करणारे ते चार मीटर? ते त्याच ताणलेल्या हातावर पाऊण मिलिमीटर होतात. आणि वाढवलेली साडेसात मीटर तलवार सव्वा-दीड मिलिमीटर, नखाची जाड कड म्हणा. ज्या पाऊण मिलिमीटरसाठी आराखडे बदलले, तो चौपाटीवर भेळ खाणाऱ्या माणसाला दिसणारच नाही. तो दिसतो फक्त विकिपीडियाच्या यादीत.

भाच्याला हे पटलं नाही. त्याला सर्वांत उंचच हवा होता. नऊ वर्षांच्या मुलाला तसं वाटण्यात गैर काय? मंत्रिमंडळाचं वय त्याहून जास्त असतं, एवढंच.

हा रोग एकट्या शिवस्मारकाचा नाही, हेही नोंदवायला हवं. दादरच्या इंदू मिलमधल्या डॉ. आंबेडकर स्मारकाचा पुतळा आधी २५० फुटांचा होता, तो ३५० फुटांचा करण्यात आला आणि खर्च ७६३ कोटींवरून १,०८९.९५ कोटींवर गेला. बाबासाहेबांना मानणाऱ्या किती लोकांनी त्या जादा शंभर फुटांऐवजी तिथे उत्तम ग्रंथालय मागितलं असतं, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

पैशाचं पान

निविदा उघडली तेव्हा लार्सन अँड टुब्रोचा देकार ३,८२६ कोटींचा होता. वाटाघाटी होऊन तो वस्तू आणि सेवा कर सोडून २,५०० कोटींवर आला. केवडियाचा पुतळाही याच कंपनीनं आणि याच शिल्पकारानं केलेला, म्हणजे अनुभव नव्हता असं नाही. तरीही एका टेबलावर १,३२६ कोटी कसे उतरतात? घर बांधणाऱ्या कुठल्याही माणसाला ठाऊक आहे की ठेकेदार एक तृतीयांश रक्कम सोडून देतो तेव्हा दोनच शक्यता असतात. पहिला भाव फुगवलेला होता, किंवा काम लहान झालं. तलवारीची गोष्ट मी वर सांगितलीच. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादीनं या निविदेत गैरव्यवहार झाल्याचा आरोप केला आणि सरकारनं तो फेटाळला. आरोप करणारे ते दोन पक्ष म्हणजे हे स्मारक आधी आश्वासनात आणणारे पक्ष. याकडे पुढे पुन्हा येऊ.

प्रकल्पाला प्रशासकीय मान्यता मिळाली ती ३,६४३.७८ कोटींची. साध्या त्रैराशिकानं मीटरला सतरा कोटींहून थोडे जास्त. असा हिशेब करणं अभियंत्यांना हास्यास्पद वाटेल, कारण पायाचा आणि भरावाचा खर्च उंचीच्या प्रमाणात वाढत नाही. पण उंची हाच जर निकष ठरवला गेला असेल तर दरही उंचीचाच काढावा लागेल. रायगडाच्या जतनासाठी आणि परिसरासाठी सरकारनं जो आराखडा केला तो साधारण सहाशे कोटींचा. म्हणजे या एका पुतळ्यात सहा रायगड.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही हलकं नाही. ते मला नीट मांडलंच पाहिजे. केवडियाला पुतळा झाल्यावर लाखो माणसं जाऊ लागली, आडगावाला रेल्वे स्टेशन आलं. ब्रिटिश काळातले राजे-राण्यांचे पुतळे ज्या मुंबईनं दीडशे वर्षं चौकाचौकांत पाहिले, तिथे छत्रपतींचं मोठं स्मारक म्हणजे १९६१ चा गेटवेसमोरचा पुतळा आणि शिवाजी पार्कातला पुतळा, एवढंच. राज्याच्या राजधानीला याहून मोठं काही हवं, हा आग्रह मला कळतो. खर्चाच्या नावाखाली प्रत्येक स्मारकाला नाक मुरडणारे लोक एरवी विमानतळाच्या काचेच्या भिंतींवर किती गेले ते विचारत नाहीत, हेही खरं.

पण केवडिया जमिनीवर आहे. तिथे बस जाते, रेल्वे जाते, स्कूटर जाते. शिवस्मारकाला जायचं तर बोटीनंच. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात, हे अलिबागला घर असलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. ते तर बंदराच्या आडोशातलं पाणी. बॅकबे नैर्ऋत्येच्या वाऱ्याला उघडा. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने स्मारकाला माणसं पोचणार कशी? आणि पोचली नाहीत तर तिकिटाचा पैसा, आतल्या संग्रहालयाचा कर्मचारीवर्ग, ब्राँझच्या पत्र्यांची खाऱ्या हवेतली देखभाल, हे सगळं कुणाच्या खात्यावर? उंचीच्या बातम्या पानभर छापून आल्या. या प्रश्नांची चर्चा झाली ती अगदी कोपऱ्यात.

बोट

२४ ऑक्टोबर २०१८. प्रत्यक्ष कामाचा आरंभ करायचा म्हणून अधिकारी, कार्यकर्ते, माध्यमांची माणसं बोटींतून त्या जागेकडे निघाली. त्यातली एक स्पीडबोट खडकाला लागून बुडाली. बाकीच्यांना वाचवलं, एका तरुण कार्यकर्त्याचा जीव गेला. आरंभाचा कार्यक्रम तिथेच संपला.

या घटनेचा अर्थ लावताना मी सावध राहतो, कारण अपघात कुठेही होतो. पण ऑक्टोबर म्हणजे समुद्र निवलेला असण्याचे दिवस. निवलेल्या समुद्रात, सरकारी बंदोबस्तात, मोजक्या लोकांना तिथे पोचवता आलं नाही. रोज हजारो माणसं न्यायची होती.

त्या पाण्यात रोज जाणारी माणसं मुंबईत आहेत, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अखिल महाराष्ट्र मच्छिमार कृती समितीचे दामोदर तांडेल पहिल्यापासून विरोधात होते. जलपूजनाच्या वेळी काळे झेंडे दाखवण्याचा इशाराही दिला गेला होता. कोळ्यांचं म्हणणं साधं होतं: खडक असतो तिथे मासळी असते, भराव पडला की ती जाते, आणि बोटींची ये-जा सुरू झाली की उरलेल्या पाण्यात जाळं टाकता येत नाही. जनसुनावणी झाली असती तर हेच त्यांनी माईकवर सांगितलं असतं. कदाचित खडक कुठे वर येतो, भरतीला बोट कुठून न्यायची, हेसुद्धा.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. तिथल्या महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर नावाड्याची वाटावी अशी टोपी आहे. समुद्रातलं महाराजांचं सर्वांत जुनं स्मारक म्हणायचं तर हेच. माणसाच्या उंचीहून मोठं नाही ते.

कोर्ट, आणि त्याआधी

कॉन्झर्वेशन अॅक्शन ट्रस्ट या संस्थेनं आणि इतरांनी मंजुरीला आव्हान दिलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती द्यायला नकार दिला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काम थांबवायला सांगितलं. तेव्हापासून ते थांबलेलं आहे.

सरकारं मात्र थांबली नाहीत. फडणवीस गेले, ठाकरे आले, शिंदे आले, पुन्हा फडणवीस आले. स्मारक समितीचे अध्यक्ष विनायक मेटे २०२२ च्या ऑगस्टमध्ये रस्ता अपघातात गेले. यातल्या एकाही सरकारला जाहीरपणे म्हणता आलं नाही की बाबांनो, ही जागा चुकली, दुसरी शोधू. २०२५ च्या एप्रिलमध्ये रायगडावरून उदयनराजे भोसलेंनी स्मारक राजभवनाच्या जागेत करा अशी मागणी केली. जमिनीवर आणा म्हणणारा आवाज आला तो थेट छत्रपतींच्या घराण्यातून, कारण दुसऱ्या कुणाला ते म्हणणं परवडत नाही.

या प्रकरणाची खरी गाठ मला इथे दिसते. काँग्रेस-राष्ट्रवादीनं आश्वासन दिलं, भाजप-शिवसेनेनं पूजन केलं. त्यामुळे विधानसभेत खर्चावर, जागेवर, देखभालीवर कठोर प्रश्न विचारील असा एकही पक्ष उरला नाही. विरोधात असताना प्रत्येकानं एकच विचारलं: अजून का नाही झालं? कुणी विचारलं नाही की हे असंच का. प्रश्न विचारला की महाराजांचा अपमान केलास असं ऐकायला लागतं, आणि ते ऐकून घेण्याची ताकद निवडणूक लढवणाऱ्यात नसते. मग ते प्रश्न कोळ्यांवर, पर्यावरणवाल्यांवर आणि न्यायालयावर पडले. एरवी पुलाचा, धरणाचा खर्च फुगला की आमदार उठून उभे राहतात. पुतळ्याचा फुगला की टाळ्या पडतात. ज्या कामावर टीका करणं अशक्य असतं, त्या कामाचा हिशेब ढिला होतो. महाराजांच्या नावाचं काम तर सर्वांत चोख व्हायला हवं होतं.

ते चोख न झालं तर काय होतं, हे मालवणनं दाखवलं. राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी पंतप्रधानांच्या हस्ते उघडला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. पुरते नऊ महिनेही नाहीत. समारंभाची तारीख पक्की होती, बाकी सगळं तिच्यामागे धावलं. चार दिवसांनी पालघरला पंतप्रधानांनी माफी मागितली. आता तिथे राम सुतारांकडून करून घेतलेला साठ फुटांचा पुतळा उभा आहे. ३५ चे ६०. पडलेल्या पुतळ्याचं उत्तरही आपण उंचीतच दिलं.

मी असतो तर

फुकटचा सल्ला द्यायचा तर असा. आधी ठरवायचं की सोलापूरच्या एसटीतून आलेली बाई नातवाला घेऊन कुठवर येऊ शकते, आणि स्मारक तिथे करायचं. मग वर्षाच्या देखभालीची रक्कम काढायची आणि ती कोण देणार त्याच्या सहीसकट मांडायची. मुंबई महापालिकेला, कोळीवाड्यांना, मासळी सोसायट्यांना बोलावून जनसुनावणी घ्यायची, कायद्यानं सूट असली तरी. इतकं झालं की शिल्पकाराला विचारायचं, या जागेला केवढा पुतळा शोभेल? उंचीचा आकडा त्यानं सांगायचा, आणि तो शेवटी यायला हवा. कदाचित तो चाळीस फूट निघेल. कदाचित दोनशे मीटरही निघेल, मग मी गप्प बसेन.

आणि समुद्रातच स्मारक हवं हा हट्ट असेल, तर ते आहे. मुंबई बंदराच्या तोंडापासून दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी. १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी दोघेही आरमार घेऊन अंगावर आलेले असताना महाराजांच्या माणसांनी त्या बेटावर तट उभा केला. मुंबईकर इंग्रजांना समुद्रातून दिसावं म्हणून महाराजांनी स्वतः बांधलेलं दुसरं काही नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं त्यात खांदेरी आहे. जायचं तर थळला होडीवाला ठरवायचा. बेटावर दीपगृह आहे, ठोकला की धातूसारखा वाजणारा एक दगड आहे, आणि कोळ्यांचा वेताळ आहे. वेताळ म्हणजे पांढरा रंग दिलेली एक मोठी शिळा. ती दरवर्षी थोडी थोडी वाढते, अशी भक्तांची श्रद्धा आहे.